बालेकिल्ला नव्हे, मतदारसंघ! : सांगोल्याचा धडा

निवडणूक आली की एक शब्द हमखास कानावर पडतो : बालेकिल्ला. हा अमक्याचा बालेकिल्ला, तो तमक्याचा. मोठी माणसं बोलतात, मुलं ऐकतात. मग मुलांच्या मनात साहजिकच येतं, निकाल आधीच ठरलेला असेल तर माझ्या मताने काय फरक पडणार? माझ्या मते हा शब्द वर्गात जपूनच वापरायला हवा. का, ते सोलापूर जिल्ह्यातील सांगोला विधानसभा मतदारसंघ सांगतो.

सांगोला म्हणजे दुष्काळी पट्टा, माणदेशाचा भाग. माण नदी, डाळिंबाच्या बागा आणि पाण्यासाठीचा न संपणारा संघर्ष. इथून शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख तब्बल 11 वेळा आमदार झाले. पहिला विजय 1962 चा, शेवटचा 2014 चा. पक्ष एकच, मतदारसंघ एकच. लोक त्यांना आदराने आबासाहेब म्हणत. मंत्रीपद भूषवूनही साधी राहणी आणि एसटीचा प्रवास, ही त्यांची ओळख.

आता कुणीही म्हणेल, हाच तर बालेकिल्ला! पण जरा थांबा. या काळात ते पोटनिवडणूक धरून 13 निवडणुका लढले आणि त्यांतल्या दोन हरले. 1972 ला मतदारांनी त्यांना घरी बसवलं, 1974 च्या पोटनिवडणुकीत परत निवडून दिलं. 1995 ला काँग्रेसच्या शहाजीबापू पाटील यांनी त्यांना हरवलं, तेही अवघ्या 192 मतांनी! 1999 ला आबासाहेब पुन्हा विजयी.

2019 मध्ये वयामुळे आबासाहेब स्वतः उभे राहिले नाहीत. त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले आणि शिवसेनेच्या तिकिटावर लढलेल्या शहाजीबापूंकडून 768 मतांनी हरले. दोघांची मिळून मतं होती जवळजवळ 1 लाख 98 हजार. आजोबांची पुण्याई मोठी होती, पण मतदारांनी ती वारसाहक्काने दिली नाही.

इथे मुलांना एक गणित घालावं. 768 मतांचा फरक उलटायला किती जणांनी मत बदलायला हवं होतं? पटकन उत्तर येईल 769. नाही! एकाचं मत कमी झालं की दुसऱ्याचं वाढतं, म्हणजे एका माणसामागे दोन मतांचा फरक पडतो. म्हणून 385 माणसं पुरेशी होती. 1995 साठी तर फक्त 97. एवढी माणसं एखाद्या लग्नाच्या पंगतीलाही असतात. 'मत अमूल्य आहे' या घोषणेपेक्षा हा हिशोब मुलांच्या जास्त लक्षात राहतो.

2024 ला शेकापचे डॉ. बाबासाहेब देशमुख, म्हणजे आबासाहेबांचेच दुसरे नातू, 25 हजारांहून अधिक मतांनी जिंकले. मग आला ना बालेकिल्ला परत? पण याच निवडणुकीत दोन्ही शिवसेनांचे उमेदवार आमनेसामने होते आणि त्या दोघांच्या मतांची बेरीज विजेत्यापेक्षा जास्त होती. म्हणून नुसतं 'कोण जिंकलं' हे पाहून भागत नाही. मतं कशी विभागली, तेही वाचावं लागतं.

दहावीच्या राज्यशास्त्रात 'निवडणूक प्रक्रिया' हा पाठ आहे. व्याख्या पाठ करून मार्क मिळतील, पण तो पाठ शिकवताना प्रत्येक शिक्षकाने आपल्या मतदारसंघाचा तक्ता फळ्यावर मांडावा : वर्ष, विजेता, पक्ष, मताधिक्य. यात कुठल्याही पक्षाचा प्रचार नाही, फक्त आकडे आहेत. अर्थ मुलांनाच लावू द्या.

किल्ला राजाचा असतो, मतदारसंघ मतदारांचा. एकाच माणसाला अकरा वेळा निवडून देणारे सांगोलेकर प्रत्येक वेळी नव्याने विचार करत होते. आज वर्गात बसलेली मुलं 18 वर्षांची होतील, तेव्हा त्यांनीही तसंच करावं, एवढंच वाटतं.