नाताळ सोडून उरलेले आठवडे

डिसेंबर आला की मासिकांना चर्च आठवतं. या अंकात आम्ही वर्षाच्या इतर आठवड्यांकडे पाहायचं ठरवलं आहे.

लहान प्रोटेस्टंट मंडळीचं जगणं रविवारच्या उपासनेपाशी थांबत नाही. संडे स्कूल, महिला मंडळ, कुणाच्या तरी घरी भरणारी प्रार्थनासभा, आजाऱ्याची विचारपूस, कापणीच्या सणाला वेदीपुढे येणारी ज्वारी-बाजरी, हे सगळं त्यातच आलं.

या जगण्याची मुळं जुनी आहेत. अमेरिकन मराठी मिशनचं अहमदनगरचं काम 1831 पासूनचं. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक 1842 मध्ये तिथेच सुरू झालं. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भजन-कीर्तन उपासनेत रुजवलं. वारकरी घरात वाढलेल्यालाही त्यांची पदं आपली वाटतात, असं आम्हाला वाटतं. दुष्काळात पंडिता रमाबाईंनी केडगावला निराधार मुलींना आसरा दिला. 1894 मध्ये मिरजेत डॉ. वॉनलेस यांचं रुग्णालय उभं राहिलं. या नावांवर पुष्कळ लिहिलं गेलं. पेटी वाजवणाऱ्या, वर्गणी गोळा करणाऱ्या, रुग्णाला डबा पोचवणाऱ्या माणसांवर फारच थोडं. ती पिढी आता थकते आहे, तरुण शहरांकडे निघाले आहेत. म्हणून हा अंक आत्ताच हवा होता.

तुमच्या गावच्या मंडळीचा आठवडा कसा जातो? तुम्ही ख्रिस्ती असा वा शेजारी, आम्हाला जरूर लिहा.