किंग हेन्रीज रोडवरचे दहा नंबरचे घर

घर विकत घेताना आपल्याकडे माणूस काय काय पाहतो? पाणी किती वेळ येते, भिंतींना ओल आहे का, भावकीचा दावा तर नाही ना, आणि शेजार कसा आहे. घरात आधी कोण राहत होते हा प्रश्न अगदी शेवटी येतो. तोही बहुधा ‘तिथे कोणी वाईट मरणाने तर गेले नाही ना’ एवढ्यापुरताच. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली लंडनमध्ये एक घर घेतले ते मात्र नेमके उलट्या क्रमाने. तिथे कोण राहत होते तेवढे पाहिले, बाकीचे सगळे नंतर निस्तरले. निस्तरायला जवळपास पाच वर्षे लागली.

उत्तर लंडनमध्ये प्रिमरोज हिल नावाचा भाग आहे. तिथल्या किंग हेन्रीज रोडवर रांगेने उभ्या असलेल्या घरांपैकी दहा नंबरचे हे घर. राजवाडा नाही, गढी नाही. भिंतीवर पाटी नसती तर कोणी मान वर करून पाहिलेही नसते. १९२१ आणि १९२२ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे राहिले, असे ती पाटी सांगते. मालक म्हणून नव्हे, भाडेकरू म्हणून. घर विक्रीला निघाल्याची बातमी २०१४ साली तिथल्या आंबेडकरी आणि बौद्ध संघटनांनी उचलून धरली, शासनाच्या कानावर घातली, आणि सुमारे ३१ लाख पौंडांना व्यवहार झाला. रुपयांत तीस कोटींच्या वर. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

ही बातमी आमच्या नरसी नामदेवला पारावर पोचली तेव्हा व्हायची ती चर्चा झाली. तीस कोटींत किती बंधारे झाले असते, किती गावांना नळाचे पाणी मिळाले असते, हा हिशेब आमच्या भागात माणसे बोटांवर करतात आणि त्यात वावगे काही नाही. पाण्यासाठी मैलभर चाललेल्या बायांच्या गावात विलायतेतले घर हा चेष्टेचाच विषय होणार. “आबा, आपली शाळा गळती, अन् सरकार घर घेतंय लंडनात,” असे एक पोरगा म्हणाला. निवृत्त गुरुजी तिथेच बसले होते. त्यांनी तंबाखू मळता मळता एवढेच विचारले, “अठ्ठ्याहत्तर साली आपल्या भागात घरं कुणाची जळाली होती रे?” पार गप्प झाला.

मला वाटते, त्या घराची किंमत पौंडांत नाही, गुरुजींच्या या प्रश्नात आहे. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या पेटल्या. नाव द्यायला पुढे साडेपंधरा वर्षे गेली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. एका नावासाठी माणसांची डोक्यावरची छपरे गेली, हे आमच्या पिढीने पाहिले आहे. त्याच नावाच्या माणसाचे भाड्याचे घर त्याच राज्याच्या सरकारने मोल देऊन घ्यावे, याला मी उधळपट्टी म्हणायला तयार नाही.

आणि त्या घराचा खरा इतिहास लंडनमध्ये सुरूच होत नाही. तो बडोद्यात सुरू होतो. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचे शिक्षण अर्धे टाकून भीमराव आंबेडकर १९१७ साली परतले आणि कराराप्रमाणे बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा तरुण अधिकारी, पण शहरात त्याला खोली मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून तो राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात उभी राहिली. संध्याकाळपर्यंत जागा सोड, नाहीतर परिणाम भोग. एका हिंदू स्नेह्याकडे विचारले, एका ख्रिस्ती स्नेह्याकडे विचारले. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. मग मुंबईची गाडी येईपर्यंत हा माणूस बडोद्याच्या बागेत बसून राहिला. बाबासाहेबांनी स्वतःच हे लिहून ठेवले आहे, आणि फार संयमाने लिहिले आहे.

त्यानंतर मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, काटकसरीने साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज. भथेना पारशी होते. धर्मशाळेतून हुसकावणारेही पारशी आणि पैसे देणारा मित्रही पारशी, हे इथे नोंदवून ठेवावेसे वाटते. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी. सकाळपासून ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात, रात्री खोलीवर पुन्हा पुस्तके. घरमालकिणीच्या हातचे तुटपुंजे जेवण आणि मध्यरात्री भूक लागली की भाजलेला पापड, असे या मुक्कामाचे वर्णन चरित्रकारांनी केले आहे. १९२१ मध्ये एम. एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर, १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी. एस्सी. यातला मोठा भाग किंग हेन्रीज रोडच्या काळातला. स्वतःच्या देशात खरे नाव सांगून ज्याला खोली मिळाली नाही, त्याने परक्या शहरात स्वतःच्या नावावर ती घेतली. लंडन म्हणजे काही रामराज्य होते असे नव्हे. खोलीपुरते बोलायचे तर फरक एवढा होता.

आता निस्तरण्याची गोष्ट. आपल्याकडे शेतात घर बांधायचे म्हणून जमीन एनए करायला तहसीलचे हेलपाटे ज्यांनी घातले आहेत, त्यांना हे लगेच कळेल. इंग्लंडात राहत्या घराचे संग्रहालय करायचे तर वापर बदलण्याची परवानगी लागते. ती हातात येण्याआधीच घर लोकांना खुले झाले होते. कॅम्डेन कौन्सिलने २०१८ साली अर्ज फेटाळला. म्हणणे सरळ होते, या भागातली राहण्याची जागा कमी होते. शेजाऱ्यांपैकी काहींनी गर्दीची आणि आवाजाची तक्रार केली. आपल्याकडे यावर लगेच ‘अपमान’ असा मथळा झाला. मी त्या शेजाऱ्यांना जातीयवादी म्हणणार नाही. बसने माणसे उतरू लागली तर सदाशिव पेठेतला शेजारीही गप्प बसला नसता. शासनाने अपील केले, सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर चौकशी झाली, आणि मार्च २०२० मध्ये तिथल्या मंत्र्यांनी संग्रहालयाला मंजुरी दिली. कागद आधी आणि फीत नंतर, हा क्रम पाळला असता तर हे टळले असते की नाही कोण जाणे, पण वकिलांची फी नक्की वाचली असती.

माझी खरी तक्रार लंडनबद्दल नाही, घराजवळची आहे. मुंबईत परळला बीआयटी चाळीत पन्नास आणि एक्कावन्न नंबरच्या खोल्यांत बाबासाहेब सुमारे बावीस वर्षे राहिले. लंडनच्या घरात एक वर्षाच्या आसपास. चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला तेव्हा त्यांचा पत्ता परळचा होता. आणि पुण्यातला भिडेवाडा? १ जानेवारी १८४८ रोजी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा जिथे सुरू केली तो वाडा वर्षानुवर्षे दुकानांत आणि दाव्यांत अडकला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जागा सोडण्याचा आदेश कायम केला, डिसेंबरमध्ये महापालिकेने ताबा घेतला आणि स्मारकासाठी तो मोडकळीला आलेला वाडा पाडला. इमारत धोकादायक होती हे मान्य. पण तिला इतकी धोकादायक होऊ दिली कोणी? लंडनमध्ये मूळ भिंती राखण्यासाठी तीस कोटी, आणि पुण्यात भिंती पडेपर्यंत वाट पाहून मग तिथे नवे बांधकाम. जुने घर वेळेवर घेतले तर घर मिळते, उशिरा घेतले तर भूखंड मिळतो.

नरसीला राहणाऱ्या माणसाला हा फरक जास्त जाणवतो. नामदेव महाराजांचा जन्म १२७० सालचा. त्या काळातले शिंप्याचे मातीचे घर टिकणे शक्यच नव्हते. कयाधूच्या काठी आम्ही दाखवतो ते स्थान. पंढरपूरकर म्हणतात जन्म त्यांच्याकडचा, आणि हा वाद मिटवायला आमच्या हातात एक वीटही नाही. तरी पंजाबातून माणसे इथे येतात, कारण गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत आणि घुमानला त्यांनी उत्तरायुष्यातली वर्षे काढली. औंढा नागनाथ आमच्याच जिल्ह्यात. तिथे नामदेवांना कीर्तनासाठी देवळाच्या मागे जा म्हटले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा इथले लेकरूही सांगते, आणि मागच्या बाजूचा नंदी दाखवते. दारातून हाकललेल्या माणसाची आठवण सातशे वर्षे दगडाला धरून राहिली. बडोद्याच्या धर्मशाळेची आठवण धरायला दगड नव्हता. लंडनचे घर निदान आहे.

ते नुसते काचेतल्या चष्म्याचे आणि छायाचित्रांचे होऊ नये, एवढेच मागणे आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या शिष्यवृत्तीवर राज्यातून दरवर्षी अनुसूचित जातींची मुले परदेशी शिकायला जातात, त्यांतली बरीच लंडनला उतरतात. तिथे खोलीचे भाडे ऐकून त्यांना धडकी भरते. संग्रहालयाच्या परवानगीत मुक्काम बसवणे सोपे नाही हे मला समजते. त्यासाठी पुन्हा कॅम्डेनचे हेलपाटे घालावे लागतील. पण एक मोठे टेबल, आठ-दहा खुर्च्या, चांगला दिवा, रात्री उशिरापर्यंत उघडे दार आणि चहाची किटली, याला कोणत्या शेजाऱ्याची हरकत असेल असे वाटत नाही. वाचणारी मुले आवाज करत नाहीत. पापड त्यांनी घरून आणावेत.