महार्घ झेंडू

दसऱ्याच्या आदल्या पहाटे कल्याणच्या बाजार समितीच्या फूलबाजारात जावे, तो झेंडूच्या राशी पाहून डोळे निवतात आणि दर ऐकून कपाळाला आठी पडते. “सणासुदीलासुद्धा लूट!” हा उद्गार मग ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत घरोघरी निघतो. आम्हांस तो सर्वस्वी न्याय्य वाटत नाही.

जुन्नर-ओतूरकडची फुले माळशेज घाट उतरून येथे येतात. रोप लावल्यापासून फूल हाती येण्यास सुमारे दोन महिने लागतात. मागणी मात्र एका रात्रीत उसळते. दार, देव्हारा, दुकान, वाहन, यंत्र, फार काय, लोकलच्या डब्यालाही हार हवा! मळा काही रातोरात वाढत नाही. फुले मोजकी आणि मागणारे हात पुष्कळ, म्हणून दर चढतो. तो चढलेला दरच दूरच्या मळ्यातील माल इकडे ओढून आणतो आणि आपणांस सुचवितो, की दोन हारांऐवजी एकावर भागवा. दसऱ्याची संध्याकाळ झाली, की त्याच फुलाला कोणी विचारीत नाही. उरले, कोमेजले, त्याचा तोटा विकणाऱ्याच्याच पदरी!

म्हणून स्थानकाबाहेर टोपली घेऊन बसलेल्या मावशीशी चार रुपयांसाठी हुज्जत घालून आणलेला हार देवीला वाहू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. व्यापाऱ्यांनी संगनमताने माल अडवून ठेवणे ही गोष्ट निराळी. कौटिल्याने ‘अर्थशास्त्रा’त त्यास हजार पणांचा दंड सांगितला आहे. टंचाईने चढलेला दर आणि कपटाने चढविलेला दर, यांतील विवेक ग्राहकानेही करावयास हवा.

आपला ‘महाग’ हा शब्द संस्कृत ‘महार्घ’पासून आला. त्यातील ‘अर्घ’ म्हणजे मोल, आणि ‘अर्घ’ म्हणजे पूजाही! ज्याचे मोल दिले नाही, त्याची पूजा कसली?

उद्या आपट्याचे सोने लुटताना रघुराजा आणि कौत्स यांची कथा आठवावी. गुरुदक्षिणेच्या चौदा कोटींहून अधिक एक नाणेही कौत्स घेईना, आणि कुबेराकडून आलेल्या धनातले काही स्वतःकडे ठेवण्यास रघू राजी होईना. घेणाऱ्याने अधिकाचा लोभ धरू नये, देणाऱ्याने हात आखडू नये. एवढे साधले, तर तोरण लहान असले तरी चालेल. देवीला ते पावेल.