विश्लेषण : ‘आमच्याकडे नऊच माणसं’ हे उत्तर कुठवर टिकते?

चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर अमलात आल्या आणि २९ जुने कायदे त्यांत विलीन झाले. त्याच्या अडीच महिने आधी, सप्टेंबरमध्ये, राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापना कायद्याची कामगारसंख्येची मर्यादा दहावरून वीसवर नेण्याचा निर्णय घेतला होता. लहान उद्योजकांपर्यंत या दोन बातम्या अगदी वेगळ्या पोहोचल्या. पहिली ‘मोठ्या कंपन्यांची भानगड’ म्हणून बाजूला पडली. दुसरीचा अर्थ मात्र भोसरीपासून बुटीबोरीपर्यंत अनेकांनी एकच काढला : वीस माणसांपर्यंत आता आपल्याला कायदाच नाही. हा अर्थ चुकीचा आहे आणि ज्यांनी तो काढला त्यांना तो महागात पडू शकतो.

सूट मिळाली ती नेमकी कशातून?

दुकाने व आस्थापना कायदा म्हणजे बोलीभाषेतला ‘गुमास्ता’. १९४८ च्या कायद्यात एक नोकर असलेल्या दुकानालाही परवाना लागे. २०१७ च्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीऐवजी फक्त माहिती कळवण्याची मुभा दिली. आता ती रेषा वीसवर सरकली आहे. सुटका होते ती या एका कायद्यातल्या नोंदणीतून आणि त्यातल्या कामाचे तास, रजा वगैरे तरतुदींतून. बाकीच्या कायद्यांचे आकडे जिथे होते तिथेच आहेत.

ते आकडे एका सरळ रेषेत नाहीत, हीच खरी अडचण. पाच माणसे झाली की कामगार कल्याण निधीची सहामाही वर्गणी. दहा झाली की कर्मचारी राज्य विमा, ग्रॅच्युइटी, प्रसूती लाभ, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती आणि प्रत्येकाला नेमणूकपत्र. वीस झाली की भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ, आणि बोनस. व्यवसाय कराला तर माणसांच्या संख्येशी देणेघेणेच नाही. पगार ठरावीक रकमेवर गेला की तो कापून भरावा लागतो. एवढे लक्षात ठेवणे लेथवर स्वतः उभ्या राहणाऱ्या मालकाचे काम नव्हे, हे मान्य. म्हणून तो सीएला किंवा सल्लागाराला विचारतो, ‘किती माणसांपर्यंत काही लागत नाही?’ आणि उत्तर येते, ‘नऊ ठेवा.’

संख्येची अटच नसलेला कायदा

या उत्तरात वेतन संहिता, २०१९ विसरली जाते. ती एका नोकराच्या मालकालाही लागू आहे. पूर्वी किमान वेतनाचा कायदा अनुसूचीत नाव असलेल्या रोजगारांपुरता होता; आता किमान वेतन सगळ्यांना आहे. जादा कामाचा मोबदला दुपटीने द्यायचा आहे. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत व्हायला हवा. पगारपत्रक द्यायला हवे. उचल दिली असेल तर ती वसूल करता येते, पण सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याहून जास्त होता कामा नये. कामगाराने ‘कमी चालेल’ म्हणून सही दिली असली तरी किमान वेतनाखालचा करार कायद्यापुढे उभा राहत नाही.

याच संहितेतले कलम ५९ मालकांनी मुद्दाम वाचावे असे आहे. वेतन दिले नाही किंवा कमी दिले असा दावा कामगाराने केला, तर ते दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. दावा तीन वर्षे मागेपर्यंतचा करता येतो आणि मूळ रकमेवर तिच्या दहापटीपर्यंत भरपाई लावण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. आता लहान कारखान्यातले चित्र आठवून पाहा. अर्धा पगार रोख, दोन हजार मध्येच घरच्या आजारपणासाठी, उरलेले मालकाच्या मुलाच्या फोनवरून कामगाराच्या मेव्हण्याच्या खात्यात. हिशेब एका वहीत, तीही दिवाळीच्या साफसफाईत गेलेली. मालकाने पै न् पै दिलेली असेल, तरी प्राधिकाऱ्यापुढे त्याच्या हातात काही नाही.

म्हणून नव्या संहितांमुळे लहान मालकाने पहिली गोष्ट करायची ती नोंदणीची नव्हे, नोंदीची. एक पानाचे मराठी नेमणूकपत्र, रोजची हजेरी आणि व्यवसायाच्या खात्यातून थेट कामगाराच्या खात्यात पगार. नऊ माणसांच्या कारखान्याला नेमणूकपत्राची सक्ती नाही, तरीही द्यावे. याला सल्लागाराचे शुल्क लागत नाही. (सल्लागार हे आधी का सांगत नाहीत, याचे उत्तरही त्यातच असावे.)

फर्म फोडली की सुटका?

माणसे वाढली की एक जुना उपाय सुचवला जातो : दुसरी फर्म काढा. एक मालकाच्या नावाने, दुसरी बायकोच्या किंवा भावाच्या. गाळा एक, वीजमीटर एक, सुपरवायझर एक, माणसे सोमवारी इकडे आणि मंगळवारी तिकडे. असोसिएटेड सिमेंट कंपनीच्या १९५९ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आस्थापना एकच आहे की वेगळी, हे ठरवण्याच्या कसोट्या सांगितल्या. मालकी, व्यवस्थापन, पैसा, नोकरभरती आणि काम एकमेकांवर किती अवलंबून आहे, हे पाहायचे. लेटरहेड किती छापली, ही कसोटी त्यात नाही. ठेकेदाराकडून आणलेली माणसेही पीएफच्या मोजणीत धरली जातात.

इथे हिशेब कसा फिरतो ते पाहण्यासारखे आहे. समजा दोन फर्ममध्ये मिळून २० कामगार आहेत आणि प्रत्येकाचे पीएफसाठीचे वेतन १५,००० रुपये. वेळेवर भरले असते तर मालकाचा वाटा १२ टक्के, म्हणजे माणशी १,८०० रुपये. तेवढेच कामगाराच्या पगारातून. तीन वर्षांनी दोन्ही फर्म एकच ठरल्या, तर कामगाराचा मागचा वाटा आता त्याच्या पगारातून कापता येत नाही. दोन्ही वाटे मालकाच्या अंगावर येतात : महिन्याला ७२,००० रुपये, तीन वर्षांचे २५ लाख ९२ हजार. त्यावर १२ टक्के व्याज आणि दंडात्मक नुकसानभरपाई वेगळी. सामाजिक सुरक्षा संहितेने अशी चौकशी पाच वर्षांनंतर सुरू करण्यास मनाई केली आहे, हा दिलासा खरा. पण लहान कारखाना बसायला तीन वर्षांची थकबाकी पुरेशी आहे.

पगाराचे तुकडे करण्याची युक्तीही आता जुनी झाली. २०,००० रुपये पगारात मूळ वेतन ७,००० आणि बाकी घरभाडे, प्रवास असे भत्ते दाखवले, तर नव्या व्याख्येनुसार वगळलेले भत्ते निम्म्याच्या वर जाताच वरचा भाग वेतनात मिळवला जातो. म्हणजे किमान १०,००० हे वेतन. ग्रॅच्युइटीही त्यावरच मोजायची.

सोळा रुपये आणि साडेपंधरा लाख

कामगारांनाच कपात नको असते, हे मालकांचे म्हणणे खोटे नाही. परगावाहून आलेला पंचविशीतला मुलगा म्हणतो, ‘पीएफ नको, हातात द्या.’ त्याला खोलीचे भाडे द्यायचे असते, गावी पैसे पाठवायचे असतात आणि दोन वर्षांनी तो इथे असेल की नाही हे त्यालाही माहीत नसते. विमा योजनेच्या दवाखान्यांबद्दल तर कामगार फार चांगले बोलत नाहीत. मालक आणि कामगार दोघांचे एकमत झाले की कायदा बाहेर राहतो, आणि तो बाहेरच राहिला असता, यंत्रे नसती तर.

पॉवर प्रेसवर तीस वर्षांचा कामगार दगावला आणि तो विम्यात नसेल, तर भरपाईचे सूत्र ठरलेले आहे : मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम गुणिले वयानुसारचा गुणक. तिशीला हा गुणक २०७.९८ आहे. १५,००० रुपये वेतनावर ही रक्कम १५ लाख ५९ हजार ८५० रुपये होते. ती मालकाने द्यायची. तोच कामगार कर्मचारी राज्य विम्यात असता, तर मालकाची वर्गणी होती वेतनाच्या ३.२५ टक्के, महिन्याला ४८७ रुपये ५० पैसे. दिवसाला सोळा रुपये. भरपाईची जबाबदारी महामंडळाकडे गेली असती आणि कुटुंबाला वेतनाच्या ९० टक्क्यांपर्यंत निवृत्तिवेतन सुरू झाले असते. नोकरीतल्या स्त्रीच्या २६ आठवड्यांच्या प्रसूती रजेचा पगारही विम्यातून निघतो. विमा नसेल तर तो मालकाला द्यावा लागतो, आणि मग ‘बायका नकोत कामाला’ असा न लिहिलेला नियम तयार होतो.

दहापेक्षा कमी माणसे असली तरी मालक आणि बहुसंख्य कामगार सहमत झाले, तर विम्यात किंवा पीएफमध्ये स्वेच्छेने येता येते. नऊवर थांबणाऱ्यांनी निदान विम्यासाठी हे दार वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातला फायदा कामगाराइतकाच मालकाचा आहे.

दुसरी बाजू

सगळा दोष मालकावर टाकणे सोपे आहे. राज्यात किमान वेतनाचे दर उद्योगागणिक वेगळे, परिमंडळागणिक वेगळे आणि त्यावरचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलणारा. इचलकरंजीतल्या मालकाने आपला जुलैचा दर नेमका कोणता, हे एका पानावर मराठीत शोधून पाहावे. नव्या संहितांनी निरीक्षकाला ‘सुविधाकार’ केले आहे आणि खटल्याआधी चूक सुधारण्याची संधीही ठेवली आहे. पीएफ संघटनेने नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरू केलेल्या योजनेत राहिलेल्या कामगारांची नावे अवघ्या १०० रुपये दंडात नोंदवण्याची सोय ठेवली होती. हे पाऊल योग्य होते. मात्र ज्याला आपण चुकतो आहोत हेच ठाऊक नाही, त्याच्यापर्यंत अशी योजना पोहोचत नाही. दर सहा महिन्यांनी प्रत्येक गुमास्ताधारकाच्या मोबाइलवर त्याच्या उद्योगाचा, त्याच्या परिमंडळाचा दर पाठवणे कामगार विभागाला अवघड नाही. सगळ्यांचे क्रमांक त्याच्याकडे आहेत.

आणि पैशाचा प्रश्न आहेच. कामगाराने नोकरी सोडली किंवा त्याला काढले, तर दोन कामकाजी दिवसांत त्याचा पूर्ण पगार चुकता करा, असे वेतन संहिता सांगते. पंधरा दिवसांचा पगार ‘अंगावर ठेवण्याची’ पद्धत त्यामुळे थेट बेकायदा ठरते. जॉबवर्क करणारा मालक यावर विचारतो की माझेच बिल तीन महिन्यांनी निघते, मी दोन दिवसांत कुठून देऊ? त्याच्यासाठीही कायदा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. दाद मागायला सुविधा परिषद. पण आपल्या एकुलत्या एक मोठ्या ग्राहकाविरुद्ध तिथे अर्ज करून पुढच्या महिन्याची ऑर्डर मागायला जाणारा लहान उद्योजक शोधूनच काढावा लागेल.