सर्पगंधा लावताय? आधी पानं बघा, मग कागद

सुरत : उधना, लिंबायत, पांडेसरा भागातली आपली खान्देशी मंडळी लूमवर, कापड मार्केटात राबून चार पैसे गावी पाठवतात. हे पैसे आजवर कापूस, मिरचीत जायचे. आता मोबाईलवर ‘एकरी लाखोंचा नफा’ सांगणारे सर्पगंधेचे व्हिडिओ फिरताहेत आणि नवापूरकडून फोन येतात, "भाऊ, तिकडं रोपं मिळतील का?" मिळतीलही. पण ती कशाची मिळतील, हा खरा प्रश्न आहे.

मागणी खोटी नाही. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये या मुळाचा रक्तदाबावरचा गुण ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडला. १९५२ मध्ये त्यातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि जगभरातून मुळाला गिऱ्हाईक आलं. मूळ उपटलं की झाड संपतं. जंगलं अशीच रिकामी होत गेली आणि १९९० मध्ये सर्पगंधा ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेली. म्हणूनच आता लागवडीच्या मालाला महत्त्व आलं आहे.

ओळख कशी पटवायची?

खरी सर्पगंधा गुडघाभर, फार तर मांडीपर्यंत वाढते. एका पेरावर बहुधा तीन पानं, साधारण सारखी, वरून चकचकीत हिरवी. फुलं पांढरी, किंचित गुलाबी झाक असलेली, नळी लांब आणि देठ लालसर. मूळ अतिशय कडू.

हिची एक बहीण आहे, रावोल्फिया टेट्राफायला. ती मूळची अमेरिकेतली, आता आपल्याकडे पडीक जागेतही दिसते. तिच्या पेरावर चार पानं, लहान-मोठी. फुलं बारीक, मळकट पांढरी. औषधाच्या बाजारात हिचं मूळ भेसळ धरलं जातं. सर्पगंधेलाही कधी चार पानं येतात, म्हणून नुसती पानं मोजू नका, फूलही बघा.

नावाचा घोळ आणखी वेगळा. इंग्रजीत ‘स्नेकरूट’ शोधलं तर अमेरिकेतली पांढऱ्या फुलांची भलतीच वनस्पती समोर येते. ती विषारी आहे. ती खाल्लेल्या गायीचं दूध पिऊन तिकडे माणसं मेली. अब्राहम लिंकनच्या आईचा १८१८ मधला मृत्यूही याच दुधाच्या आजाराने झाला, असं मानतात. ऑनलाइन बी मागवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

हिशेब करून बघा

ओळींत ४५ आणि रोपांत ३० सेंटिमीटर अंतर धरलं तर एकरी सुमारे ३०,००० रोपं लागतात. बी उगवायला कुचराई करतं. समजा शंभरातले वीस उगवले, तर दीड लाख बिया हव्यात! ताजं बी रात्रभर भिजवून तरंगणारं फेकायचं, मे-जूनमध्ये सावलीत वाफे करायचे आणि पावसात पुनर्लागवड. जमीन भुसभुशीत, निचऱ्याची हवी. चिकट काळ्या रानात पाणी साचतं आणि खणताना मुळं तुटतात. काढणी साधारण दीड वर्षानं, हिवाळ्यात पानगळ झाल्यावर. धुताना साल खरवडायची नाही, औषधी अंश सालीतच जास्त असतो. म्हणजे दीड वर्ष पैसा अडकलेला, मधे छदाम नाही. रोप चुकीचं निघालं तर ते कळेपर्यंत वर्ष गेलेलं असतं.

कागद कोण देणार?

नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. प्रवाशाला फरक पडत नाही, मुळांच्या पोत्याला पडतो. पोतं शेतातलं की जंगलातलं, हे वाळलेल्या मुळावर लिहिलेलं नसतं. जैवविविधता कायद्यातली २०२३ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. लागवडीच्या औषधी वनस्पतींना तिनं सूट दिली, पण माल शेतातलाच आहे याचं उत्पत्ती प्रमाणपत्र हवं. त्यासाठी गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे जावं लागतं. तुमच्या गावची समिती कागदावरच आहे की खरंच बसते, हे ग्रामसभेत आधी विचारा. दाखला नसला तर व्यापारी तेच कारण पुढे करून भाव पाडणार.

आणि नावात सर्प आहे म्हणून साप चावल्यावर हे मूळ उगाळत बसू नका, थेट दवाखाना गाठा. रक्तदाबावरही घरचा काढा नको. मात्रा जास्त झाली तर दाब धोकादायक उतरतो, मनही खचतं.

लावूच नका, असं म्हणणं नाही. पहिल्या वर्षी एक-दोन गुंठे लावा. फूल येऊ द्या, कृषी विज्ञान केंद्रात दाखवून घ्या, पेरणीची नोंद करा, खरेदीदाराकडून लेखी घ्या. सुरतेत बारा तास पाळी करून जमवलेला पैसा आहे, तो व्हिडिओ बघून मातीत घालायचा नसतो.