सोबत विकत घेणारा पर्यटक

दिवाळी आटोपली की रविवारच्या पुरवण्यांची पाने सहलींच्या जाहिरातींनी भरू लागतात. युरोप पंधरा दिवस, सिमला-मनाली आठ दिवस, अंदमान सहा दिवस, अष्टविनायक दोन दिवस. तारखांचे तक्ते, त्यांतल्या काही तारखांपुढे ‘फुल’ अशी नोंद आणि तळाशी बारीक अक्षरांतल्या अटी. मे महिन्याच्या सुटीचा निर्णय मुंबई-पुण्यातील मध्यमवर्गीय घरांत साधारण याच सुमारास होतो आणि त्यासाठीची आगाऊ रक्कमही याच दिवसांत भरली जाते. विमानाचे तिकीट, हॉटेलची खोली, संग्रहालयाचा प्रवेश असे सारे काही मोबाइलवर दोन मिनिटांत मिळू लागल्यानंतर ‘ग्रुप टूर’चा धंदा बसेल, असे भाकीत अनेकांनी केले होते. ते खरे ठरले नाही. का ठरले नाही, याचे उत्तर स्थळांच्या यादीत सापडत नाही. या सहलींत जे विकले जाते ते प्रामुख्याने स्थळ नसते, सोबत असते.

मराठी माणसाच्या प्रवासाला सोबतीची सवय जुनी आहे. पंढरीची वाट दिंडीने चालायची, काशीला जायचे तर गावातली चार माणसे पाहून निघायचे, हीच रीत होती. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले तेही काकांच्या सोबतीने. निघाले होते दक्षिणेच्या आशेने आणि सापडले बंडाच्या धामधुमीत. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला, तो आजही वाचला जातो. पुढे रेल्वे आली, तीर्थयात्रा सोप्या झाल्या, आणि यात्रेकरूंबरोबर आचारी, शिधा आणि भांडीकुंडी घेऊन जाणाऱ्या यात्रा कंपन्या उभ्या राहिल्या. चारधामला गेलेल्या आजीला बद्रीनाथच्या थंडीत गरम वरण-भात मिळाला, याचे कौतुक घरात पुढची दहा वर्षे होत असे. आजच्या सहल कंपन्यांची मुळे थेट इथे आहेत.

विलायतेतही या व्यवसायाचा उगम काहीसा असाच, म्हणजे श्रद्धेच्या आणि समाजकार्याच्या अंगणातला. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक यांनी लेस्टरहून लाफबरोला सुमारे ५०० माणसे आगगाडीने नेली. माणशी एक शिलिंग घेतला. निमित्त होते दारूबंदीच्या सभेचे. एका माणसाने पुढाकार घेऊन सर्वांचे तिकीट काढायचे, वेळापत्रक सांभाळायचे आणि सर्वांना सुखरूप घरी आणायचे, ही त्या दिवशीची कल्पना आजही तशीच्या तशी शिल्लक आहे.

महाराष्ट्रात यात्रेची सहल झाली ती नोकरदार वर्गामुळे. सरकारी आणि बँक कर्मचाऱ्यांच्या रजा प्रवास सवलतीने काश्मीर, राजस्थान, केरळ ही नावे चाळीतल्या घरांपर्यंत पोचवली. केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये ‘केसरी’ सुरू केली, तेव्हा ग्राहक मुख्यतः हाच होता. परदेश मात्र दूरच होता, कारण परकीय चलन मोजूनमापून मिळे. आर्थिक उदारीकरणानंतर हे बंध सैल होत गेले. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यक्तीला वर्षाला २५ हजार डॉलर परदेशी पाठवण्याची मुभा दिली. ही मर्यादा आता अडीच लाख डॉलर आहे. दरम्यान १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ने स्वित्झर्लंडची हिरवळ घरोघरी नेऊन ठेवली होतीच. ‘एसओटीसी’सारख्या मोठ्या कंपनीने खास मराठी प्रवाशांसाठी ‘भ्रमण मंडळ’ काढले, ते मराठी बोलणारा टूर मॅनेजर आणि मराठी चवीचे जेवण या दोन गोष्टींच्या बळावर. २०१३ मध्ये वीणा पाटील यांनी ‘वीणा वर्ल्ड’ सुरू केली आणि स्पर्धा आणखी वाढली.

या सहलींची टिंगल करणेही शहरी मध्यमवर्गाचा आवडता छंद आहे. पंधरा दिवसांत आठ देश, पहाटे सहाला ‘वेक-अप कॉल’, सातला नाश्ता, आठला बस. आयफेल टॉवरपुढे फोटो आणि रात्री छोले. टीका अगदीच निराधार नाही. पण ही धावपळ का होते हे पाहिले, तर तिच्यामागे केवळ कंपनीचा हावरेपणा दिसत नाही. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमांनुसार बसचालकाला दिवसाला नऊ तासच गाडी चालवता येते. आठवड्यातून दोनदा फार तर दहा तास. साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची असते आणि बसमधील टॅकोग्राफ या साऱ्याची नोंद ठेवतो. एखादे कुटुंब दुकानात वीस मिनिटे जास्त रेंगाळले, तर त्याची किंमत संध्याकाळच्या स्थळाला मोजावी लागते. टूर मॅनेजर घड्याळ दाखवत ओरडतो तो यामुळे. बसमध्ये चाळीस-पंचेचाळीस माणसे बसली तरच गाडीचा, वाटाड्याचा आणि टूर मॅनेजरचा खर्च परवडण्याजोगा वाटला जातो. माणशी दर खाली येतो तो गर्दीमुळेच. स्वस्ताई हवी आणि गर्दी नको, असे या व्यवसायात होत नाही.

जेवणाच्या बाबतीतही हीच गोष्ट. ३,४५४ मीटर उंचीवरील युंगफ्राउयोखच्या रेल्वे स्थानकावर भारतीय जेवण देणारे उपाहारगृह उघडले, ते स्विस लोकांना मसाल्याची गोडी लागली म्हणून नव्हे. तिथे पोचणाऱ्या भारतीय पर्यटकांची संख्या मोजून ते उघडले. परदेशी जाऊन वरण-भात खाणाऱ्यांना नावे ठेवणे सोपे आहे. सत्तरीत पहिल्यांदा पासपोर्ट काढलेल्या, उपवास आणि पथ्यपाणी सांभाळणाऱ्या बाईसाठी मात्र ते जेवण ही प्रवासाची पूर्वअट असते. ते नसेल तर ती घराबाहेर पडत नाही.

आणि हीच बाई गेल्या काही वर्षांत या व्यवसायाच्या केंद्रस्थानी आली आहे. मुले पुण्याहून थेट न्यू जर्सीला किंवा सिडनीला गेलेली, पतीला प्रवासाची आवड नाही किंवा पती हयात नाही, हाताशी निवृत्तिवेतन आहे आणि गुडघे अजून साथ देत आहेत. अशा स्त्रिया केवळ महिलांसाठीच्या सहलींना गर्दी करतात. त्यांच्यातल्या कितीतरी जणी आयुष्यात प्रथमच कोणाचा डबा, कोणाची औषधे, कोणाच्या वेळा न सांभाळता आठ दिवस घालवतात. रात्रीच्या कार्यक्रमात साठीच्या बायका नाचतात त्याची छायाचित्रे पाहून हसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे. ज्येष्ठ नागरिकांच्या स्वतंत्र सहलीही याच कारणाने वाढल्या. मुलगा पैसे भरतो, पण रजा काढू शकत नाही. ती रजा टूर मॅनेजरच्या रूपाने विकत घेतली जाते.

इथे एक गोष्ट खटकते. जाहिरातीतला दर ‘ट्विन शेअरिंग’चा, म्हणजे दोघांनी एक खोली वाटून घेण्याचा असतो. एकट्या प्रवाशाने स्वतंत्र खोली मागितली की वाढीव रक्कम लागते. ती टाळायची तर अनोळखी व्यक्तीबरोबर खोली वाटून घ्यायची. सोबतीच्या शोधात आलेल्या एकट्या माणसालाच एकटेपणाचा अधिभार भरावा लागतो, हा या धंद्यातला विचित्र न्याय आहे. हॉटेलचे भाडे खोलीवर असते हे कारण खरे आहे. पण एकट्या ग्राहकांवर उभ्या राहिलेल्या महिला सहलींतही दराची मांडणी जोडप्याला धरूनच व्हावी, याचे समर्थन करणे कठीण आहे.

सोबतीचे मोल खऱ्या अर्थाने कळले ते २२ एप्रिल २०२५ रोजी. पहलगामजवळच्या बैसरण पठारावर दहशतवाद्यांनी २६ जणांची हत्या केली. त्यांत महाराष्ट्राचे सहा जण होते. तिघे डोंबिवलीचे, दोघे पुण्याचे, एक पनवेलचे. शाळांच्या परीक्षा संपून काश्मीरच्या सहली ऐन भरात असतानाचे हे दिवस. त्या रात्री खोऱ्यातल्या हॉटेलांत महाराष्ट्रातील शेकडो पर्यटक होते आणि घरून येणाऱ्या प्रत्येक फोनला एकच प्रश्न होता. राज्य सरकारने विशेष विमानांची व्यवस्था केली. जम्मू-काश्मीर सरकारने ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळे बंद केली. पुढे ७ मेच्या ‘ऑपरेशन सिंदूर’नंतर उत्तर आणि पश्चिम भारतातील ३२ विमानतळ नागरी वाहतुकीसाठी बंद झाले, ते १२ मे रोजी पुन्हा सुरू झाले. श्रीनगर, लेह, अमृतसर, चंदीगड अशी नावे त्या यादीत होती. म्हणजे काश्मीरच नव्हे, तर चंदीगडमार्गे जाणाऱ्या हिमाचलच्या सहलीही कोलमडल्या. त्याच महिन्यात तुर्कस्तान आणि अझरबैजानच्या सहली विकणे अनेक भारतीय कंपन्यांनी थांबवले. ऑगस्टमध्ये उत्तरकाशी जिल्ह्यातील धरालीच्या आपत्तीत महाराष्ट्रातले पर्यटक अडकले. सप्टेंबरमध्ये नेपाळमधील उद्रेकाने काठमांडूचा विमानतळ बंद पडला.

अशा प्रसंगी गटाने गेलेल्या आणि स्वतःहून गेलेल्या प्रवाशांतला फरक स्पष्ट दिसतो. गटाच्या प्रवाशाजवळ याद्या करणारा, हॉटेलमालकाशी बोलणारा, मुंबईतल्या कार्यालयातून तिकिटे बदलून घेणारा एक माणूस असतो. स्वतःहून गेलेल्याजवळ फक्त मोबाइल असतो आणि काश्मीरमध्ये मोबाइलचाही भरवसा नसतो. तिथे बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिमकार्डे चालत नाहीत. संकट ओसरल्यावर मात्र चित्र पालटते. प्रवासी घरी सुखरूप पोचतो. न झालेल्या सहलीसाठी भरलेले पैसे सुखरूप असतातच असे नाही. २०२० च्या टाळेबंदीत हे मोठ्या प्रमाणावर घडले. विमान कंपन्यांनी तिकिटाचे पैसे परत करण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी आदेश दिले. सहलींच्या पॅकेजबाबत मात्र बहुतेक ग्राहकांच्या हाती पडल्या त्या पुढच्या सहलीच्या ‘क्रेडिट नोट’. पंचाहत्तरीच्या गृहस्थाने दोन वर्षांनी वापरायची क्रेडिट नोट घेऊन काय करायचे, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते.

या मुद्द्यावर ब्रिटनचे उदाहरण उद्‌बोधक आहे. २३ सप्टेंबर २०१९ रोजी १७८ वर्षांची थॉमस कुक कंपनी बुडाली. (भारतातील त्याच नावाची कंपनी २०१२ पासूनच वेगळ्या मालकीची असल्याने तिला धक्का बसला नाही.) परदेशांत असलेल्या सुमारे दीड लाख ब्रिटिश पर्यटकांना तिथल्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने दोन आठवड्यांत परत आणले. पॅकेज घेतलेल्यांना पैसे परत मिळाले ते ‘एटॉल’ या संरक्षण योजनेतून. प्रत्येक प्रवाशामागे अडीच पौंड कंपनीकडून या निधीत जमा होतात. ही योजना १९७० च्या दशकापासून आहे. युरोपीय संघातही पॅकेज विकणाऱ्याने दिवाळखोरीपासून संरक्षणाची तजवीज करणे कायद्याने बंधनकारक आहे.

आपल्याकडे सहल कंपनी काढण्यासाठी असा कोणताही निधी, ठेव किंवा हमी लागत नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालय टूर ऑपरेटरांना मान्यता देते, परंतु ती ऐच्छिक आहे. एक खोली, एक फोन आणि एक जाहिरात एवढ्या भांडवलावर ‘युरोप ग्रँड टूर’ची आगाऊ रक्कम गोळा करता येते. नामांकित कंपन्या आपल्या नावासाठी ग्राहकाला सांभाळतात, ही त्यांची व्यापारी नीती झाली. कायद्याचे संरक्षण नव्हे.

कर वसूल करताना मात्र सरकारला या पैशाची अचूक जाणीव असते. सहलीच्या रकमेवर वस्तू व सेवा कर लागतोच. शिवाय परदेशी पॅकेजवर ऑक्टोबर २०२० पासून ५ टक्के ‘टीसीएस’ सुरू झाला. ऑक्टोबर २०२३ पासून सात लाखांवरील रकमेला तो २० टक्के झाला, एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा दहा लाख करण्यात आली आणि फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात तो सरसकट २ टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली. बारा लाखांच्या कौटुंबिक सहलीवर, एकाच पॅन क्रमांकावर भरणा झाल्यास, आधीच्या दराने ९० हजार रुपये अडकत. नव्या दराने २४ हजार. ही रक्कम प्राप्तिकरात वळती होते हे खरे, पण ज्याला करच लागत नाही अशा निवृत्त माणसाला ती परत मिळवण्यासाठी विवरणपत्र भरावे लागते. प्रवाशाने पैसे भरताक्षणी त्यातला वाटा उचलणाऱ्या व्यवस्थेने उरलेल्या पैशाच्या सुरक्षिततेचा विचार आजवर केलेला नाही. ज्येष्ठांच्या तीर्थयात्रेसाठी राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये माणशी ३० हजार रुपयांपर्यंतची योजना आणली. स्वतःच्या बचतीतून जाणाऱ्या ज्येष्ठाच्या आगाऊ रकमेला हमी देण्यासाठी त्याहून खूप कमी खर्च येईल.

तोवर ग्राहकाच्या हाती उरतो तो २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. तक्रार आता स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात करता येते, कंपनीचे कार्यालय जिथे असेल तिथे जावे लागत नाही. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. नोंदणी अर्जाच्या मागे छापलेल्या, पन्नास-शंभर टक्के रक्कम कापून घेणाऱ्या अटींना ‘अनुचित करार’ म्हणून आव्हान देण्याची तरतूदही या कायद्यात आहे. मात्र ती तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही. त्यासाठी राज्य आयोगाकडे जावे लागते.