मॅनिटॉल म्हणजे नुसते साखरपाणी नव्हे



मेंदूच्या शस्त्रक्रियेत सूज उतरवण्यासाठी शिरेतून देतात ते मॅनिटॉल ‘साखरपाण्यासारखे निरुपद्रवी’ असते, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे विधान भूलतज्ज्ञ म्हणून मला मान्य नाही. मॅनिटॉल पेशींतले पाणी रक्तात ओढते. त्यामुळे सोडियम पातळ होते आणि पाण्यासोबत पोटॅशियमही बाहेर येऊ शकते. रक्तात पोटॅशियम लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिमोल असते. झपाट्याने चढले, तर कवटी उघडी असतानाच हृदयाची लय बिघडते. मॉनिटरवरील हृदयाच्या आलेखात (ईसीजी) टी-लहर उंच, टोकदार दिसू लागली की वाट पाहायला सवड नसते. कॅल्शियम आणि ग्लुकोजसह इन्शुलिन द्यावे लागते. औषध टाळा, असे मी मुळीच म्हणत नाही, त्याने जीव वाचतात. पण मोठ्या मात्रेनंतर शस्त्रक्रिया चालू असतानाच रक्त तपासले पाहिजे.

— एक भूलतज्ज्ञ, पुणे